चिमट्याची खूण

ज्ञानदेवाला गाडीतलं सगळं येत नव्हतं आणि ते तो स्वतःच सांगायचा. इंजिन खडखडतंय म्हणालात, तर तो पुढच्या चौकातल्या गॅरेजकडे बोट दाखवायचा. एसी थंड करत नाही म्हणालात, तर म्हणायचा, "काच खाली करा." धायरीतल्या त्याच्या पत्र्याच्या शेडवर पाटी होती, 'येथे फक्त ब्रेकचे काम होईल', आणि गिऱ्हाइकानं वाद घालू नये म्हणून खाली आणखी एक ओळ, 'फक्त म्हणजे फक्त'. ही पाटी वाचून कुणालाही वाटावं की माणूस सात पिढ्यांचा पुणेरी आहे. छे! गडी मूळचा आर्वीकडचा, वर्धा जिल्ह्यातला. पुण्यात राहून पाट्या लावायला शिकला, एवढंच.

ब्याऐंशी साली तो नारायण पेठेत पोपट मिस्त्रीच्या हाताखाली लागला. मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे बोळातली दोन गाड्यांची जागा. तिसरी आली की पहिलीला रस्त्यावर काढायची. त्यात वरच्या मजल्यावर जागेचे मालक राहायचे. फरशीवर तेलाचा डाग दिसला की ते गॅलरीतूनच विचारायचे, "अहो मिस्त्री, हे गॅरेज आहे की तेलाचा घाणा?" म्हणून मिस्त्रीनं एक पद्धत पाडली होती. चाकापाशी ब्रेकचं काम निघालं की आधी चाकाकडे येणारा रबरी पाइप तो चिमट्यात धरायचा. चिमटा घरचाच, म्हणजे जुन्या पकडीचे दात कानशीनं घासून सपाट केलेले आणि त्यांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. पाइप दाबला की वरचं ब्रेक ऑइल तिथंच थांबतं. खाली थेंब पडत नाही, आणि मागाहून लाइनीत शिरलेली हवा काढत तासभर बसावं लागत नाही. काम झालं की चिमटा सोडायचा, पाइप अंगठ्यानं चोळायचा, रबर पुन्हा गोल होतं.

"ब्रेक ऑइल सांडणारा मिस्त्री आणि दूध उतू घालवणारी सून, दोघांना दारात उभं करू नये," पोपट मिस्त्री म्हणायचा. त्याला स्वतःला सून नव्हती, त्यामुळे बोलायला काही जात नव्हतं.

ज्ञानदेव ती पद्धत शिकला आणि ती त्याच्या हातात इतकी मुरली, की डोकं दुसरीकडे असलं तरी हात चिमट्याकडे जायचा. कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात ती लिहिलेली नव्हती. पण पुण्यातले निम्मे मिस्त्री तसंच करत होते, आणि रबर बिचारं सोसत होतं.

त्र्याण्णव साली मिस्त्री वारला आणि ज्ञानदेव धायरीला आला. तिथं दत्तोबांनी त्याला जागा दिली. दत्तोबा गावातले शेतकरी, कांदा आणि ज्वारी करणारे. पुढं त्याच रानात बिल्डर आले, ज्वारी गेली आणि लिफ्ट आल्या. पण रस्त्याकडेच्या त्या दोन गुंठ्यांवर बिल्डरनं बोट ठेवलं तेव्हा दत्तोबा म्हणाले, "त्ये सोडून बोल. तिथं आमचा ज्ञानबा हाय."

असा माणूस. आणि त्यांच्या पत्नी विजयमालावहिनी त्यांच्याहून वर. ज्ञानदेवाची बायको वेणूबाई पहिल्याच वर्षी टायफॉइडनं आडवी झाली. पुण्यात सख्खं तर सोडाच, चुलतसुद्धा कुणी नव्हतं. वहिनींनी एकवीस दिवस दोन वेळची पेज आणून तिला स्वतःच्या हातानं भरवली. कशाला करता म्हणून ज्ञानदेव संकोचला, तर म्हणाल्या, "भावजी, तुम्ही ब्रेक बघा. माणसं मी बघते." वेणूबाईला मूलबाळ झालं नाही. सणावाराचं पहिलं ताट वहिनींच्या घरून यायचं, ते त्या दोघांना घरचंच वाटायचं.

दत्तोबांचा एकुलता एक मुलगा रविराज. शिकला, इंजिनिअर झाला, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. धायरीतल्या त्यांच्या भावकीतला गळ्यात ओळखपत्र घालून हिंडणारा पहिला माणूस. दोन हजार पाच साली त्यानं लाल रंगाची गाडी घेतली आणि मग तिच्यात एकेक गोष्ट बदलायला लागला. आज सीट, उद्या चाकं. एके रविवारी तो शेडमध्ये आला आणि त्यानं एका पाकिटातून चार चकचकीत पाइप काढून ज्ञानदेवापुढे धरले.

"काका, हे ब्रेक पाइप. स्टील ब्रेडेड. बाहेरून मागवलेत."

ज्ञानदेवानं एक पाइप हातात घेतला. वरून स्टीलच्या बारीक तारेची वीण, वेणीसारखी घट्ट. आत म्हणे पांढऱ्या टेफ्लॉनची नळी. त्यानं तो वाकवून पाहिला, कानाशी नेला, परत दिला.

"आहेत त्यांना काय धाड भरली?"

"रबर एक्स्पांड होतं, काका. पेडल दाबलं की निम्मा जोर पाइप फुगवण्यातच जातो. स्टीलला तो प्रॉब्लेम नाही, सगळा जोर डायरेक्ट चाकावर. इंटरनेटच्या फोरमवर सगळे हेच रेकमेंड करतायत."

"फोरमवरचे गाडी चालवतात, का नुसते लिहितात?"

शेडमध्ये तेव्हा चार-पाच माणसं होती. ती हसली. रविराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ज्ञानदेवाला ते दिसलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माणूस कितीही चांगला असला तरी आपल्या धंद्यात कालचं पोर शिकवायला लागलं की त्याच्या जिभेला धार येते. त्यानं आणखी ऐकवलं.

"हे बघ रवी, रबर म्हातारं झालं की सांगतं. भेगा पडतात, फुगवटा येतो, ओल दिसते, दाबलं की मऊ लागतं. मी अंगठा फिरवला की मला कळतं. हे तुझं स्टील वरून लग्नातल्या नवरीसारखं चमकणार आणि आत काय दुखतंय ते मेल्यावर सांगणार. चांगलं रबर टाकू. दर पाच वर्षांनी बदल आणि झोप निवांत."

दत्तोबा बाकड्यावर तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, "मग ठरलं की. ज्ञानबा म्हणतोय तर रबरच टाक."

"अण्णा, गाडी माझी आहे," रविराज म्हणाला.

दत्तोबांचा तळहात थांबला. मग त्यांनी चिमूट तोंडात सोडली आणि ते उठले. "टाक रं ज्ञानबा. गाडी त्येची हाय."

ज्ञानदेवानं ते पाइप बसवले. मन मारून बसवले, पण काम चोख केलं. वॉशर नवे, आटे स्वच्छ, चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप कुठं ताणतो का, कुठं घासतो का ते चारदा पाहिलं. हवा काढून गाडी डीएसके विश्वच्या चढावरून फिरवून आणली. पेडल दगडासारखं घट्ट लागत होतं. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी. पोरगं चूक बोलत नव्हतं हे त्याच्या पायाला कळलं. तोंडानं मात्र तो "ठीक आहे" एवढंच म्हणाला. कौतुक करायला काय जीभ झडली असती? पण नाही म्हणजे नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात ती गाडी पुन्हा शेडमध्ये आली. पुढचं डावं चाक जाम धरत होतं, आतला पिस्टन अडकला होता. रविराज बसनं ऑफिसला गेला होता. गाडी दत्तोबांच्या पुतण्यानं आणून लावली आणि पाठोपाठ विजयमालावहिनी आल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, अकरा वाजता डॉक्टरांची वेळ होती.

"किती वेळ लागंल, भावजी? का रिक्षानं जाऊ?"

"रिक्षा कशाला? बसा तुम्ही. अर्ध्या तासात देतो."

खरं तर काम दीड तासाचं. पण वहिनींना थांबवायचं म्हणजे काय! ज्ञानदेव चाकाशी बसला आणि त्यानं नेहमीसारखा चिमटा लावला. चिमटा लावल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हातात रबर नाही. एक क्षणभर तो थांबला. मग स्वतःशीच म्हणाला, स्टील तर आहे, याला काय होतंय! ज्या स्टीलवर त्यानं वर्षभर एका शब्दाचा विश्वास ठेवला नव्हता, त्याच्यावर त्यानं त्या एका सकाळी सगळा विश्वास टाकला. अर्ध्या तासाऐवजी पस्तीस मिनिटं लागली. चिमटा सोडला तेव्हा तारेच्या विणीवर बोटभर चपटी खूण होती. त्यानं ती सवयीनं अंगठ्यानं चोळली. रबर असतं तर गोल झालं असतं. स्टील होतं तसंच राहिलं. ब्रेक दाबून पाहिला, उत्तम. गाडी फाट्यापर्यंत नेऊन आणली, उत्तम. वहिनी वेळेत डॉक्टरांकडे पोचल्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्या शब्दाला किंमत हाय बघा, भावजी."

त्यानंतर तीन महिने काही झालं नाही.

वहिनींचं माहेर गराड्याचं, सासवडच्या अलीकडचं. भाऊबीजेला रविराज त्यांना त्याच लाल गाडीतून घेऊन गेला. येताना बोपदेव घाट उतरताना, दुसऱ्या मोठ्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला आणि डाव्या चाकाचा पाइप फुटला. आता गाडीत ब्रेकच्या दोन लाइनी असतात. एक गेली तरी दुसरी अर्धा जीव धरून असते, हे खरं. पण उतारावर, वळणात, एका बाजूचं चाक धरलं आणि दुसऱ्या बाजूचं मोकळं राहिलं तर गाडी चालवणाऱ्याची राहत नाही. ती तिरकी गेली आणि कठड्यावर डाव्या बाजूनं आदळली. डाव्या बाजूला वहिनी होत्या. मांडीवर भावानं दिलेल्या सीताफळांची पिशवी होती, म्हणून त्यांनी पट्टा बांधला नव्हता.

रविराजचं गळपट्टीचं हाड मोडलं. वहिनी जागीच गेल्या.

गाडी तपासायला आलेले साहेब वाकून बघून म्हणाले, "बाहेरचा पाइप आहे हा. ओरिजिनल नाही. फुटलाय." एवढं वाक्य धायरीला पुरलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला माहीत झालं, की ज्ञानदेवानं नको म्हटलं होतं, बापानं नको म्हटलं होतं, पोरगं ऐकलं नाही. दत्तोबांनी अंत्यविधीच्या वेळी कुणाचं ऐकून घेतलं नाही. रविराज हाताला झोळी बांधून स्मशानाशी पोचला तेव्हा ते सगळ्यांदेखत ओरडले, "तिथंच थांब! पुढं याचं न्हाय. हिला हात लावायचा न्हाय तू." पोरगं तिथंच उभं राहिलं. आईला अग्नी पुतण्यानं दिला. ज्ञानदेव दत्तोबांचा दंड धरून होता, आणि त्याला तेव्हा रविराजचा राग येत होता. भयंकर राग येत होता. हे त्याला पुढं आठवलं की त्याला स्वतःची किळस यायची.

पाचव्या दिवशी पोलिसांनी गाडी सोडली. ती ओढून आणून शेडच्या मागच्या पडीक जागेत टाकली. दत्तोबा आले आणि तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "ज्ञानबा, त्यो फुटका पाइप तेवढा काढून दे मला. दाव्याला लागंल म्हणून न्हवं. मला त्यो त्याच्या तोंडावर मारायचाय."

ज्ञानदेव पाने घेऊन गेला. चाक तिरपं होऊन आत घुसलं होतं, वाकून हात घालावा लागला. पाइप काढला. दोन्ही टोकं शाबूत होती, बसवणं कुठं ढिलं पडलेलं नव्हतं, घासल्याची खूण नव्हती. तार उसवली होती ती मधेच, टोकापासून चार बोटांवर. तिथं त्या उसवलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंना विणीचा चपटेपणा उरलेला होता. बोटभर रुंद. ज्ञानदेवानं आपला चिमटा आणला. लावून पाहिला नाही. लावायची गरजच नव्हती. तो तसाच गाडीशेजारी मातीत बसला.

मग त्यानं करवतीनं पाइप उभा कापला. आतली पांढरी नळी चिमट्यानं पिचली होती. पिचली ती पिचलीच. रबरासारखी परत उठली नव्हती. तिथं घडी पडली होती आणि घडीवर नखाच्या आकाराची चीर गेली होती. तीन महिने, प्रत्येक ब्रेकला, ती चीर केसाकेसानं वाढत गेली असणार. वरून स्टील चमकत राहिलं.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वेणूबाई आधी दुःख समजली, मग घाबरली. "काहून बोलत नाही तुमी? काय झालं ते सांगा तरी मले!"

त्यानं सांगितलं. वेणूबाई भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "त्या माउलीनं मले पेज भरवली होती." आणि मग पदरानं तोंड पुसून, "पोराच्या डोक्यावर ठिऊ नका हे. सांगून टाका. आजच्या आज सांगा."

आजच्या आज! बोलणं सोपं असतं. ज्ञानदेव रोज दत्तोबांच्या दारापर्यंत जायचा. ओटीवर माणसं बसलेली असायची, आणि तो दिसला की दत्तोबा सगळ्यांना सांगायचे, "ह्यानं सांगितलं व्हतं. ह्याचं ऐकलं असतं तर ती आज चुलीपाशी असती." माणसं माना डोलवायची, कुणी सरकून त्याला जागा द्यायचं. आणि ज्ञानदेव त्या जागेवर बसायचा. दत्तोबांनी मागितलेला पाइप सापडत नाही, अशी थापही मारून झाली होती. भेकडपणा, दुसरं काय! दहावाही पुतण्यानंच केला. रविराज नदीकाठच्या पायऱ्यांवर लांब उभा होता. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. ज्ञानदेव त्याच्यापासून वीस पावलांवर होता. वीस पावलं त्याला चालवली नाहीत.

चौदाव्या दिवशी पाहुणे गेले. ज्ञानदेव कापलेला पाइप रुमालात बांधून दत्तोबांपुढं गेला, खाली बसला आणि त्यानं एका दमात सगळं सांगितलं. श्रावणातली ती सकाळ, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ, चिमटा, खूण. "अण्णा, रवीचा दोष नाही. स्टीलचा दोष नाही. माझा हात. माह्या हातानं गेल्या वहिनी."

दत्तोबा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. ज्ञानदेवाला वाटलं, आता हात उचलतील. त्यानं गाल पुढं केला होता, म्हणा ना. दत्तोबांनी हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"ज्ञानबा, किती करशील रं आमच्यासाठी?"

"अण्णा?"

"पोराला घरात घ्यावं म्हणून हे चाललंय तुझं. न्हाय कळत व्हय मला? माझ्या घरचं मीठ खाल्लंस म्हणून त्येचं पाप आपल्या डोक्यावर घेतोस?"

"मीठ खाल्लं म्हणूनच खरं सांगून राहिलो, अण्णा! हा पाइप बघा. ही घडी बघा..."

"त्यातलं मला काय कळतंय? तेरा वरसं तुझ्या हातनं एक ब्रेक चुकला न्हाय. आन् चुकला तो नेमका आमचाच?" दत्तोबांनी त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. "गप. पुन्हा बोलायचं न्हाय. देवमाणूस हायेस तू."

ज्ञानदेव पाइप पुन्हा रुमालात बांधून पायऱ्या उतरला. मारलं असतं, हाकललं असतं, शेडवर बुलडोझर फिरवला असता, तर चाललं असतं. हे देवमाणूस म्हणणं कुठं ठेवायचं?

एकच आशा उरली होती. रविराज इंजिनिअर आहे, त्याला पाइप वाचता येईल. तो मागच्या खोलीत एकटा राहत होता. त्याचं ताट पुतण्याची बायको दाराबाहेर ठेवून जायची. ज्ञानदेव आत गेला, रुमाल सोडला आणि पुन्हा सगळं सांगितलं. रविराजनं पाइप उजेडाला धरला. घडीवर नख फिरवलं. आणि त्याचा चेहरा असा उतरला, की ज्ञानदेवाला वाटलं, आता हा मला शिव्या देणार, देऊ दे, त्याचा हक्क आहे.

"तुम्ही क्लॅम्प लावला होता," रविराज हळू म्हणाला.

"हो रे. माझीच चूक. तू आईला मारलं नाहीस, रवी. हेच सांगायला आलो. तू निर्दोष आहेस."

रविराज हसला. फार वाईट हसला. "काका, पाकिटात एक कागद होता. बसवताना काय करायचं नाही त्याचा. इंग्रजी होतं, पण चित्रंही होती. एक चित्र बरोबर हेच. पाइप चिमट्यात धरलेला आणि त्यावर मोठी लाल फुली."

ज्ञानदेवाला आधी अर्थ लागला नाही.

"मी तो तुम्हाला दाखवणार होतो. खिशातच होता. पण तुम्ही चार लोकांसमोर मला बोललात, सगळे हसले, मला राग आला. म्हटलं, यांना काय दाखवायचं, यांना सगळंच येतं! बसवा तुमच्या मनानं. कागद मी घरी जाऊन कचऱ्यात टाकला." त्यानं पाइप रुमालावर ठेवला. "आत्तापर्यंत मला वाटत होतं, माझं नशीब खराब, चांगली वस्तू घेतली आणि ती फुटली. एवढंच धरून होतो मी. आता कळलं ती कशानं फुटली."

ज्ञानदेवाच्या तोंडून "अरे नाही, नाही" एवढंच निघालं. पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आला होता आणि त्यानं ते दुप्पट करून ठेवलं होतं. वेणूबाईनं सांगितलं म्हणून, खरं बोललं की बरं होतं म्हणून! कुणाचं बरं झालं? बाहेर कुणीतरी मोटर लावली, टाकीत पाणी पडायला लागलं.

शेवटी रविराज म्हणाला, "अण्णांना सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांचा विश्वास बसत नाही."

"मग राहू दे. पुन्हा सांगू नका. मला त्यांनी सोडलंय, आई गेली. तुम्हालाही सोडायला लावलं तर ते सकाळी उठून कुणाकडे जाणार?"

"आणि तू?"

"मी बंगलोरला ट्रान्सफर मागितलीय."

तो आठवड्याभरात गेला. दत्तोबा ओटीवरून उठले नाहीत. सामानाची रिक्षा वळणापलीकडे गेली तरी त्यांनी तिकडं पाहिलं नाही. ज्ञानदेवानं शेड बंद ठेवली होती. चिमटा त्यानं भंगारात दिला होता आणि वेणूबाईला सांगितलं होतं, की आता आर्वीला जाऊ, तिथं काहीही करू, पण ब्रेकला हात लावणार नाही. वेणूबाई बोचकी बांधायला लागली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेडचा पत्रा वाजला. दत्तोबा होते. पुतण्याची जुनी जीप घेऊन आले होते. तोंडावर दाढी वाढलेली, सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली. माणूस महिन्याभरात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"उघड. हिचे चारी पाइप नवे टाक. रबराचे. तुझ्याच हातानं."

"अण्णा, मी काम सोडलंय. दुसऱ्या कुणाकडे द्या. हात जोडतो."

"दुसऱ्याकडं?" दत्तोबा बाकड्यावर बसले. बसले म्हणजे पडलेच. "ज्ञानबा, त्या दिसापासनं मला गाडीत बसवत न्हाय. रस्ता पार करवत न्हाय. रात-दिस काळजात धडधडतं. फकस्त तू हात लावलेल्या गाडीत मी बसू शकतो. तू बी गेलास तर मी घरातच मरायचा बघ." आणि ते त्याच्याकडे पाहत राहिले. लहान मूल आईकडे पाहतं तसे.

ज्ञानदेवाच्या ओठांपर्यंत सगळं आलं. ते त्यानं गिळलं.

"तुझ्यावर माझा लई भरवसा हाय रं," दत्तोबा म्हणाले.

"हो, अण्णा," ज्ञानदेव म्हणाला, आणि पाना घेऊन जीपखाली सरकला.